पटावर नाव आहे, पोरगी कुठाय?

यावेळची पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावरची, शाळेत न जाणारी मुलं. मागच्या अंकात मी भलत्याच विषयावर लिहिताना जाता जाता एक ओळ टाकली होती की आसपास असं मूल दिसलं तर कळवा, तर लोकांनी खरंच कळवलं की! पाच पत्रं घेतलीयेत, नावं कुणाचीच देत नाही, काही पत्रं थोडी छाटलीत. मी ३१ वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलंय त्यामुळे बोलणं थोडं त्या बाजूला झुकणार, तेवढं समजून घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही चांदिवलीला राहतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन दिवाळीनंतर हिंगोलीकडून आलाय, बायको आमच्याच बिल्डिंगमध्ये चार घरची धुणीभांडी करते. त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे, दिवसभर दोन-अडीच वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन पार्किंगमध्ये फिरत असते. जानेवारीत मीच तिला जवळच्या शाळेत घेऊन गेले तर तिथे बोलले की आता वर्ष संपत आलं, जूनमध्ये या आणि येताना गावचा दाखला आणि आधार घेऊन या. आधारवर तिचं नाव चुकलंय. दाखला आणायला गावी जायचं तर बापाची चार दिवसांची हजेरी बुडते. काय करू? - एक वाचक, चांदिवली

उत्तर : पहिलं म्हणजे तुम्ही स्वतः तिला घेऊन गेलात, बहुतेक लोक इथेच थांबतात, "अरेरे" म्हणून लिफ्टमध्ये शिरतात.

आता शाळेनं जी तीन कारणं दिली ना त्यातलं एकही कायद्यात टिकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी. त्यात सरळ लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, वर्ष अर्धं संपलंय म्हणून नाकारायचा नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर होतोय म्हणून तर अजिबात नाही. आधारचं सांगायचं तर सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या निकालातच सांगितलंय की आधार नाही म्हणून मुलाची ॲडमिशन अडवता येणार नाही. मग शाळा आधार आधार का करतात? त्यामागे दुष्टपणा नसतो हो, आपल्याकडे शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक द्यायचे ते, आधार व्हॅलिड झालेल्या मुलांवर धरायला लागलेत, म्हणजे वर्गात ४० मुलं बसलेली असली तरी ज्यांचं आधार जुळत नाही ती मोजणीत येतच नाहीत आणि एखादा शिक्षक जादा ठरून दुसरीकडे जातो. त्यामुळे नाव चुकलेलं आधार घेऊन आलेलं पोर बघितलं की मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी. हे मी त्यांच्या बाजूनं सांगतेय, पण म्हणून पोरीला परत पाठवणं बरोबर होत नाही.

तुम्ही असं करा. एका साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावानं अर्ज लिहा, मुलीचं नाव, अंदाजे जन्मतारीख, गावच्या शाळेचं नाव, कितवीत होती, आणि आईची सही किंवा अंगठा. दोन प्रती काढा आणि एकीवर शाळेचा शिक्का मारून पोच घ्या. तोंडी "नाही" म्हणणं फार सोपं असतं, पोचवर सही करून "नाही" लिहायला कुणी धजत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. तरी नाहीच घेतलं तर एल वॉर्डच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात बीट ऑफिसर किंवा प्रशासकीय अधिकाऱ्यांना तीच पोच दाखवा. आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची आणि बाहेरगावाहून आलेल्यांच्या मुलांना शाळेत घ्यायचं, हे काम कायद्यानं पालिकेचंच आहे, उपकार नाहीत.

वर्ग कोणता? तर वयाप्रमाणे, नऊची आहे म्हणजे तिसरी-चौथी. मधले महिने बुडाले म्हणून पहिलीत बसवायचं नाही, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. आणि गावची शाळा मराठी असेल तर इथे मराठी माध्यमच शोधा. पालिकेच्या शाळा आठ भाषांमधून चालतात, जवळ आहे म्हणून दुसऱ्याच माध्यमात टाकली तर महिन्याभरात पोरगी परत पार्किंगमध्ये दिसेल.

दाखल्यासाठी गावी जायची काहीच गरज नाही. गावच्या गुरुजींना फोन लावा. तिचा पेन नंबर घ्या, यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांची आणि मुलांची सरकारी ऑनलाईन नोंद असते तिथे, प्रत्येक मुलाला असतो तो. गावच्या शाळेनं तिला त्याच सिस्टीममधल्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या यादीत, टाकलं की इथली शाळा तिथून उचलून घेते, पाच मिनिटांचं काम आहे, सर्व्हर चालू असेल तर. शिवाय स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं ते गुरुजींकडे मागा, पावसाळ्याआधी ही माणसं परत गेलीच तर तेव्हाही तेच कामाला येईल.

खरी अडचण मात्र या कशातच नाहीये, ती कडेवर आहे. तो अडीच वर्षांचा भाऊ. ॲडमिशन झाली आणि त्याला सांभाळायला कुणी नसलं तर पोरगी चार दिवस जाईल, पाचव्या दिवशी बंद. अंगणवाडी तीन वर्षांपासून घेते, म्हणजे अजून सहा महिने तरी प्रश्न आहेच. आता जरा स्पष्टच बोलते, रागावू नका. तिची आई तुमच्याच बिल्डिंगमध्ये चार घरी जाते ना? त्या चार घरांनी मिळून तिच्या कामाच्या वेळा अशा बसवल्या की शाळेच्या पाच तासांत पोरगा आईकडे किंवा रात्रपाळी करून आलेल्या बापाकडे राहील, तर सरकारची कुठलीच योजना लागणार नाही. सकाळी आठलाच भांडी घासून पाहिजेत हा हट्ट एका घरानं सोडला तरी पुरेल कदाचित.

प्रश्न : ताई नमस्कार, मी विक्रोळीला राहते, शिवणकाम करते. मिस्टर दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा १३ चा आहे, सातवीत होता, दिवाळीनंतर गेलाच नाही, आता गॅरेजवर जातो, मालक रोजचे दीडशे देतो. शाळेतून फोन आला की अजून नाही आला तर नाव काढून टाकू. शेजारी म्हणतात की आता केस होते आईबापावर. मला झोप लागत नाही. - एक आई

उत्तर : आधी झोपा बरं तुम्ही. मुलगा शाळेत जात नाही म्हणून आईला तुरुंगात टाकणारं कलम या कायद्यात नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं लिहिलंय खरं पण त्याला शिक्षा जोडलेली नाही. पूर्वी होती, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि तेव्हाचा रुपया म्हणजे काही आजचा नव्हे! पण महाराजांनी आधी शाळा काढल्या, पैसा उभा केला आणि मग दंड लावला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

नाव काढून टाकू म्हणाले ना, तेही करता येत नाही, आठवी होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढायचं नाही असं कायद्यातच आहे. मग फोन कशाला आला? तर आपल्या राज्यात महिनाभर सलग गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात (केंद्राच्या हिशोबात ४५ दिवस), आणि वर्गात एक शाळाबाह्य दाखवला की शिक्षकाला वरून विचारणा होते. मग काही जण मुलाच्या घरी जातात, काही जण नाव काढायची धमकी देतात, आणि काही जण, हे लिहायला मलाच वाईट वाटतं, गुपचूप हजर मांडत राहतात. तुमच्या शाळेनं निदान फोन तरी केला. उद्या जाऊन वर्गशिक्षकांना भेटा, नाव राहू द्या म्हणा, मुलगा येणार आहे.

गॅरेजचं. १४ च्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं हा मालकाचा गुन्हा आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही. पहिल्या वेळी आईबापांना शिक्षा नाही त्यात. मालकाला हे गोडीत सांगून बघा, बहुतेक मालक दुसऱ्याच दिवशी "येऊ नको रे बाबा" म्हणतात.

आता दीडशे रुपयांचं बोलू, कारण खरं तेच आहे. महिन्याला साडेतीन-चार हजार येतायत ते बंद झाले तर तुम्हाला ओढाताण होणार, हे शिक्षण खात्याच्या कुठल्याच फॉर्ममध्ये भरायला रकाना नाही. वडील गेलेल्या मुलांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावानं बालसंगोपन योजना आहे, महिला व बालविकास खात्याची, मुलामागे महिना २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. पूर्ण भरपाई होत नाही पण निम्म्याच्या वर जाते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात, मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचं शाळेचं बोनाफाईड. बघा, बोनाफाईडसाठी तरी त्याचं नाव शाळेत असायलाच पाहिजे. मंजुरीला वेळ लागतो, हेलपाटे आहेत, सांगून ठेवते.

आणि एक काम कागदाशिवायचं. तो शाळेत का गेला नाही ते त्याला रागवायचं सोडून विचारा. सातवीत गळालेल्या मुलांचं कारण मी पाहिलंय ते बऱ्याचदा पैसा नसतंच, गणित असतं, नाहीतर वाचता येत नाही आणि ते सगळ्यांसमोर उघडं पडतं हे असतं. त्यात आता पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करायला लागलेत त्याची धास्ती. गॅरेजमध्ये पान्याचे नंबर झटपट ओळखणाऱ्या पोराला वर्गात अपूर्णांक येत नाहीत म्हणून ढ म्हणायचं म्हणजे कमाल आहे! वर्गशिक्षकांना भेटाल तेव्हा हे बोला. वयाची काळजी करू नका, १४ उलटले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचा हक्क जात नाही.

प्रश्न : मॅडम, मी गोवंडीत शिक्षिका आहे. दरवर्षी आम्हाला शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला पाठवतात. शाळा सुटल्यावर बैंगणवाडी, शिवाजीनगरच्या गल्ल्या फिरायच्या, लोकं दार उघडत नाहीत, उघडलं तर रेशनचं आहे की मतदानाचं विचारतात. मी मागच्या वेळी ११ मुलं लिहिली तर वरून सांगण्यात आलं की एवढी कशी, नीट बघा परत. शेजारच्या शाळेनं 'निरंक' दिलं, त्यांचं कौतुक. मग मी का मरू? - एक शिक्षिका

उत्तर : निरंक! हा शब्द ऐकला ना की माझं अजूनही डोकं फिरतं. मुंबईतल्या कुठल्याही वस्तीत एका दिवशी शाळेबाहेर शून्य मुलं असतील यावर ज्यांनी ती वस्ती बघितलीय त्यातला कुणीही विश्वास ठेवणार नाही.

मी ४ जुलै २०१५ चा तो राज्यभराचा एका दिवसाचा सर्व्हे केलाय. शनिवार होता. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची, म्हणजे तेच मूल दोनदा मोजलं जाऊ नये. पुलाखालचा एक आठ वर्षांचा मुलगा बोट दाखवून मला म्हणाला, बाई मी पण मतदान केलं का आता? आम्ही सगळे हसलो. संध्याकाळी आकडे गोळा करताना लक्षात आलं की दुपारी जी पोरं कचरा वेचायला, मासळी सोलायला, सिग्नलला गेली होती ती आम्हाला घरी भेटलीच नव्हती, म्हणजे जी मोजायची तीच निसटली. आकडा फार कमी आला म्हणून संस्थांनी ओरड केली, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. नंतर २०२२ साली मिशन झिरो ड्रॉपआऊट आलं, ५ ते २० जुलै, पंधरा दिवस होते म्हणून जरा बरं.

पण जुलैच का, हे मला कुणी सांगावं. जुलैत ऊसतोड्या गावी असतो, वीटभट्टी बंद असते, बरीचशी बांधकामं थंडावलेली असतात. यूडायसची मोजणी धरतात ३० सप्टेंबरची, तेव्हाही माणसं गावीच. दिवाळी झाली की निघतात आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास परततात. वरचं चांदिवलीचं पत्र परत वाचा. ती हिंगोलीची मुलगी ३० सप्टेंबरला गावच्या पटावर होती, वर्गातही बसत असेल. आज ती गावात नाही, इथल्या कुठल्या शाळेत नाही, आणि तरीही कागदावर ती शाळाबाह्य नाहीच! तिकडच्या गुरुजींना नाव कमी करवत नाही कारण पट घसरतो, इकडच्या शाळेला घ्यायचं नाही कारण आधार जुळत नाही. दोन्हीकडचा रिपोर्ट निरंक, आणि पोरगी पार्किंगमध्ये.

म्हणून तुमचे ते ११ पुसू नका. आता शाळाबाह्य मुलाची माहिती केंद्राच्या प्रबंध पोर्टलवर नावानिशी भरतात, आणि नाव भरलं तरच विशेष प्रशिक्षणाचे पैसे, पुस्तकं, शिकवणारा माणूस मागता येतो. निरंक दिलेल्या शाळेला शाबासकी मिळाली, पण तिथल्या मुलांना छदामही मिळणार नाही. वरून परत विचारलं तर लेखी विचारा म्हणावं, आणि प्रत्येक मुलापुढे गल्ली आणि खूण लिहून ठेवा, "नळाच्या मागची तिसरी खोली" असं सुद्धा चालतं, घर नंबर नसतातच तिथे.

तुमच्यासारख्यांना खात्यानं बालरक्षक असं छान नाव दिलंय, मानधन नाही, सर्व्हेच्या बदल्यात सुट्टी नाही, तेव्हा का मरू हा प्रश्न रास्तच आहे. मी एवढंच करायचे की ११ च्या मागे लागायचे नाही, तीन निवडायची ज्यांचं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. एकदा गेलं तर आई हो हो म्हणते, दुसऱ्यांदा गेलं तर कारणं सांगते आणि तिसऱ्यांदा गेलं की खरं कारण सांगते. तिथून पुढे काहीतरी करता येतं.

प्रश्न : सायनच्या सिग्नलवर रोज तीच चार मुलं पेनं विकताना दिसतात. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर कुणीतरी म्हणालं की असं करू नका. मग करायचं काय? - एक वाचक, सायन

उत्तर : ग्रुपवाले बरोबर बोलले, अडचणीतल्या मुलाचा चेहरा असा फिरवणं बालन्याय कायद्यात बसत नाही. १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाईनला, फोन करा, चोवीस तास चालतो, जागा आणि वेळ नीट सांगा. पण पोरं उचलून नेली आणि प्रश्न संपला असं समजू नका, बऱ्याचदा आईबाप तिथेच दुभाजकावर बसलेले असतात आणि दोन दिवसांत सोडवून आणतात. ठाण्याच्या तीन हात नाक्याला २०१६ पासून पुलाखालीच सिग्नल शाळा चालते, कंटेनरमध्ये वर्ग, ठाणे महापालिका आणि एक संस्था मिळून चालवतात. मुलं जिथे आहेत तिथे शाळा नेली, एवढीच त्यातली युक्ती. तुमच्या नगरसेवकांना किंवा आमदारांना एकदा तिथे नेऊन आणा की, सायनहून फार लांब नाही.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. सहावी पास आहे, मग आई आजारी पडली म्हणून सोडली. आता दुपारी इमिटेशन ज्वेलरीचं काम करते घरी. दहावी करायचीय पण सहावीनंतर एकदम दहावी होते का? शाळेत लहान मुलांबरोबर बसायची लाज वाटते. - मालाडहून

उत्तर : होते गं. पाचवी पास असलीस आणि १४ पूर्ण असलं की बाहेरून दहावीला बसता येतं, १७ नंबरचा फॉर्म म्हणतात त्याला, राज्य मंडळाचा. तुझी सहावी झालीय म्हणजे प्रश्नच नाही. पण मधला सातवी-आठवी-नववीचा अभ्यास कुणी माफ करत नाही, गणित इंग्लिशला दमछाक होते. एकदम नको वाटलं तर मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा आधी दे. आणि बसायचंच असेल तर मुंबईत रात्रशाळा आहेत, संध्याकाळी भरतात, तिथे तुझ्याएवढी आणि तुझ्याहून मोठी, कँटीनमध्ये, दुकानात काम करून आलेली मुलंमुली असतात, लाजायचं काही कारणच उरत नाही. तुझं काम दुपारचं आहे म्हणजे जमेलसुद्धा.

१७ नंबरच्या तारखा साधारण पावसाळ्यात जाहीर होतात, मंडळाच्या साईटवर बघ. तोवर जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा मूळ दाखला काढून ठेव, फॉर्मला तोच लागतो, झेरॉक्स चालत नाही. दाखल्यावर नाव, आईचं नाव, जन्मतारीख जशी आहे तशीच फॉर्ममध्ये टाक, आधारवर वेगळं असलं तरी. आणि दाखल्यातच चूक असेल तर ती आत्ताच शाळेत जाऊन दुरुस्त करून घे, दहावीचं सर्टिफिकेट हातात आल्यावर तेच काम दसपट किचकट होतं.